बोललेलं कुठे जातं

तिसऱ्यांदा तेच घडलं, तेव्हा मात्र नम्रताच्या मनात पाल चुकचुकली.

पहिल्यांदा तिने ते मनावर घेतलं नव्हतं. हाजराबाई मुकादमांच्या वतीने कोर्टात मनाईचा अर्ज द्यायचा असं ऑफिसात ठरलं आणि अर्ज तयार होण्याआधीच समोरच्यांनी कॅव्हेट दाखल करून ठेवलं. म्हणजे, आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. असं होतं कधी कधी, समोरचा वकीलही काही दूधखुळा नसतो. दुसऱ्यांदा, कारखान्याची किंमत ठरवायला कोल्हापूरचा माणूस सुचवू या असं बोलणं झालं, तर दोन दिवसांत समोरून निरोप आला: कोल्हापूरचा कोणी नको. आणि आता समोरच्या वकिलाचा फोन. "मॅडम, तुमच्या बाई बोटी सोडून एक्स्पोर्टचं लायसन घ्यायला तयार असतील, तर आपण बसू या की." हे वाक्य आदल्या आठवड्यात ऑफिसच्या चार भिंतींत बोललं गेलं होतं. बाहेर कुणाकडे ते गेलेलं नव्हतं. निदान जायला नको होतं.

नम्रताने फोन ठेवला आणि काचेपलीकडे पाहिलं. अरशद सोलकर कानाला मोबाईल लावून खिडकीशी उभा होता. तिची नजर गेली तसा तो पाठमोरा झाला.

'आगाशे आणि सोलकर' ही रत्नागिरीतली सगळ्यांत जुनी वकिलांची फर्म. गाडीतळापासून थोडं आत, जांभ्याच्या दुमजली इमारतीत तिचं ऑफिस. खून-मारामाऱ्या, काडीमोड असली कामं इथे घेत नसत. इथे येत ते धंदेवाले. भागीदारीचे करार, कॅनिंगवाल्यांचा निर्यातीचा माल, एमआयडीसीतल्या प्लॉटांचे भाडेपट्टे, आखातातून पैसे मिळवून परतलेल्यांच्या नव्या कंपन्या. फर्मची कथा जिल्ह्यात बऱ्याच जणांना पाठ होती. जयगडच्या खाडीच्या तोंडाशी मंगलोरी कौलांनी भरलेलं एक गलबत बुडालं. मालवाला गेला आगाशे वकिलांकडे, गलबतवाला सोलकर वकिलांकडे. दिवसभर दोघे कोर्टात एकमेकांवर तुटून पडायचे आणि संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्याला एका बाकावर बसून सुपारी कातरायचे. शेवटी निकाल लागायच्या आतच तडजोड झाली. भांडणारे दोघे पुन्हा एकत्र धंदा करू लागले, आणि दोन्ही वकिलांनी मिळून एक पाटी लावली. फर्मच्या शताब्दीला ही गोष्ट पुस्तिकेत छापली होती. येणाऱ्या प्रत्येक नव्या पक्षकाराला नम्रता ती मोठ्या अभिमानाने सांगायची.

ती स्वतः देवरूखची, शिक्षकाची मुलगी. वकिलीची सनद मिळाल्यावर गुरुप्रसाद आगाश्यांच्या हाताखाली आली ती इथलीच झाली. गुरुप्रसाद म्हणजे मूळ आगाश्यांचे पणतू, सगळ्यांचे अण्णा. सत्तरी उलटली तरी रोज पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जाणारे, आवाज कधी न चढवणारे. करार कसा वाचावा हे तिला त्यांनी शिकवलं. "जे लिहिलंय ते शेंबडं पोरही वाचतं, नम्रता. काय लिहायचं टाळलंय ते वाच." पाच वर्षांपूर्वी त्यांनीच तिला भागीदार करून घेतलं. अरशद सोलकर तिसरा भागीदार. तो दुसऱ्या मूळ नावाचा वारस, पूर्णगडचा, वयाने तिशीतला, फारसा न बोलणारा.

हाजराबाईंचं काम गेल्या पावसाळ्यापासून चालू होतं. त्यांचा नवरा आणि धाकटा दीर अकबर यांची भागीदारी होती. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी गोठवण्याचा कारखाना, मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाचा कारखाना आणि चार बोटी. नवरा वारला आणि करारातल्या कलमाप्रमाणे त्याच्या जागी हाजराबाई भागीदार झाल्या. अकबरला वाटलं होतं, भाभी घरी बसून हिस्सा घेतील. भाभी दुसऱ्याच महिन्यात कारखान्यात जाऊन कोळंबीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. तिथून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. आता वाटणी करायची होती आणि दोघांनाही मिरजोळ्याचा कारखानाच हवा होता.

आणि अकबर होता पूर्णगडचा.

ही गोष्ट नम्रताच्या डोक्यात आली आणि मग जाता जाईना. त्याच आठवड्यात ती मासे घ्यायला मिरकरवाड्याला गेली असताना तिने दोघांना पाहिलं. अकबर एका बोटीच्या कठड्याला टेकून काहीतरी सांगत होता आणि ऑफिसात दिवसाकाठी चार शब्द न बोलणारा अरशद मोठ्याने हसत होता. नम्रता सुरमई न घेताच परतली.

दुसऱ्या दिवशी तिने अण्णांच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"अण्णा, हाजराबाईंचं आपल्याकडचं बोलणं बाहेर जातंय."

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खात्री आहे?"

"तीनदा योगायोग होत नाही."

"कोणावर संशय?"

तिने नाव घेतलं नाही. तिने नुसतं दाराकडे पाहिलं. अण्णांनी सुस्कारा सोडला.

"पूर्णगडची माणसं एकमेकांना धरून असतात," ते हळूच म्हणाले. "पण जपून हो. पाटीवर त्याचं नाव आहे. पुराव्याशिवाय शब्द काढू नकोस."

अण्णांनी अरशदची बाजू घेतली नाही, एवढंच तिने त्यातून उचललं. त्या दिवसापासून ती हाजराबाईंचे कागद स्वतःच्या कपाटात कुलपाखाली ठेवू लागली. अरशद खोलीत आला की लॅपटॉप मिटायची. त्याच्या फोनवरच्या बोलण्याकडे कान लावायची. तो घरच्यांशी त्यांच्या कोकणी बोलीत भरभर बोले आणि तिला निम्मंच कळे. जे कळत नव्हतं, त्यातच काहीतरी असणार असं तिला वाटे. एकदा त्याने विचारलं, "ताई, मुकादमांचा मसुदा मी करायचा होता ना?"

"झाला माझा करून," ती म्हणाली. तो मान हलवून निघून गेला.

शेवटी तिने त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. एका दुपारी सहज बोलल्यासारखं ती अरशदला म्हणाली, "हाजराबाई आता थकल्यात रे. बर्फाचा कारखानाही सोडतील असं वाटतंय. कुठे बोलू नकोस हं." त्यात काडीचं तथ्य नव्हतं. उलट बर्फाचा कारखाना शेवटपर्यंत धरून ठेवायचा असंच हाजराबाईंनी बजावलं होतं. हे पाणी कुठे मुरतं ते बघायचं, म्हणून नम्रता वाट पाहत राहिली.

मधल्या काळात हाजराबाई एकदा एकट्याच आल्या. काम संपलं तरी उठल्या नाहीत. चहा घेता घेता त्यांचा आवाज खाली आला.

"वकीलबाई, एक सांगू? माझी निदा दुबईहून परत यायची नाही. तिथेच लग्न करायचं म्हणते, तिथेच राहायचं. मी ज्या कारखान्यासाठी भांडतेय, त्यात पाऊल टाकणार नाही म्हणाली. माशांचा वास येतो म्हणाली." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "घरात कुणाला नाही सांगितलं अजून."

नम्रताने त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्या रविवारी अण्णांनी तिला घरी बोलावलं. अण्णांच्या पत्नीने, कमळाकाकूंनी, घावने केले होते. खाताना अण्णांनी विचारलं, बाई एवढ्या हट्टाला का पेटल्यात, पुढे कारखाना बघणार कोण? आणि नम्रता बोलून गेली. गुरूशी बोलताना कोण तोलून मापून बोलतं? निदाचं सगळं तिने सांगितलं. "बिचारी," काकू म्हणाल्या. अण्णांनी घावनाचा तुकडा नारळाच्या रसात बुडवला.

समोरासमोर बसायची बैठक समोरच्या वकिलाच्या ऑफिसात झाली. अकबर पांढरा शर्ट घालून, दाढी नीट कातरून आला होता. सुरुवातीलाच त्याने बर्फाच्या कारखान्याचा विषय काढला आणि तासभर त्यावरून घासाघीस केली. तो मला मिळालाच पाहिजे, त्यासाठी एक बोट जास्त सोडतो, हवं तर दोन सोडतो. नम्रता ऐकत होती आणि मनाशी हिशेब लावत होती. भाभी बर्फाचा कारखाना सोडणार हे ज्याला कळलं आहे, तो त्यासाठी दोन बोटी का देईल? अकबरला काहीच ठाऊक नव्हतं. अरशदने तोंड उघडलं नव्हतं.

मग अकबर खुर्चीत मागे रेलला.

"भाभी, मिरजोळ्याचं राहू द्या. निदा येणार नाही. कुणासाठी अडून बसल्यात? आज ना उद्या विकणारच तुम्ही. मी थांबतो."

हाजराबाईंनी दिराकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वळवून नम्रताकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर नम्रताला सोसला असता. पण बाजारात मासळीचा गिल उघडून बघतात, ताजी आहे की नाही, तशा त्या तिच्याकडे पाहत होत्या.

नम्रता तिथून तडक अण्णांकडे गेली. ते खोलीत एकटे होते.

"निदाचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

अण्णांनी नाकारलं नाही. तिला वाटलं होतं ते कानावर हात ठेवतील, निदान काकूंवर ढकलतील. ते शांतपणे म्हणाले, "हो. मीच बोललो अकबरशी. भाट्याला भेटतो तो सकाळी."

"आणि कॅव्हेट? कोल्हापूर? लायसन?"

"तेही."

"का?"

"बस आधी." ती बसली नाही. "नम्रता, ही दोघं कोर्टात गेली असती तर दहा वर्षं लढली असती. कारखान्याला टाळं लागलं असतं. दीडशे बायका कोळंबी सोलतात तिथे. मी दोघांना थोडं थोडं पुढे सरकवत होतो. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला. आपल्या फर्मने हेच केलंय आजवर. उगाच नाही लोक म्हणत, आगाशे-सोलकरांकडे गेलं की भांडण मिटतं."

"त्याचं कुठे ह्याला आलं? अकबरचं एक अक्षर मला सांगितलं नाहीत."

अण्णा पहिल्यांदाच अडखळले. "वेळ आली की सांगणार होतो."

"पक्षकाराचा विश्वास म्हणून काही असतो, अण्णा. तुम्हीच शिकवलंत."

"पुस्तकातलं शिकवलं. बाकीचं तू आपणहून शिकशील असं वाटलं होतं." त्यांच्या आवाजात खरोखरीचं आश्चर्य होतं. "गलबताची गोष्ट तू इतकी वर्षं सांगतेस. तुला काय वाटलं, माझे पणजोबा आणि सोलकर त्या बाकावर बसून हवापाण्याच्या गप्पा मारायचे?"

त्या गोष्टीत हा प्रश्न नम्रताने कधी विचारलाच नव्हता. कोर्टात भांडणाऱ्या दोन पक्षकारांचे वकील रोज संध्याकाळी काय बोलत होते? कोण किती पाण्यात आहे, कोणाचा धीर कधी सुटेल, हेच ना? आणि त्या पक्षकारांना ते ठाऊक होतं का? तिला एकदम वाटलं की ह्या इमारतीत शंभर वर्षांत मिटलेलं प्रत्येक भांडण आता उकरून बघावं लागेल.

दाराशी जाऊन ती वळली. "आणि अरशद? तुम्ही मला त्याच्यावर संशय घेऊ दिलात."

"मी त्याचं नाव घेतलं नव्हतं," अण्णा म्हणाले. ते खरंच होतं. नाव त्यांनी घेतलं नव्हतं. लिहायचं टाळलं होतं.

अरशद खाली पार्किंगमध्ये भेटला. नम्रताने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: संशय, कुलूप, बर्फाच्या कारखान्याची थाप. तो हेल्मेट हातात धरून ऐकत राहिला.

"मला कळलं होतं ताई," तो म्हणाला. "तुम्ही लॅपटॉप मिटायला लागलात तेव्हाच. अकबरमामांना मी लहानपणापासून ओळखतो. म्हणून काम आलं त्याच दिवशी अण्णांना सांगितलं होतं, मला ह्यात घेऊ नका. ते म्हणाले, असलं आपण मानत नाही, तू काम कर. तुम्हाला सांगितलं असेल असं मी धरून चाललो."

"नाही सांगितलं."

"तुम्ही तरी विचारायचं होतं." त्याचा आवाज चढला नाही. "दुसरा कुणी असता तर विचारलं असतंत. मी पूर्णगडचा, मुकादमही पूर्णगडचे, तिथेच तुमचं गणित सुटलं."

तिने माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही, हे तिला कळलं नाही. त्याने स्कूटर चालू केली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ती मिरजोळ्याला गेली. कारखान्यातल्या गारठ्यात हाजराबाई स्वेटर घालून आणि डोक्याला ओढणी घट्ट बांधून उभ्या होत्या. त्यांनी तिला बाहेरच्या छोट्या खोलीत नेलं. नम्रताने काही लपवलं नाही. कोणी सांगितलं, कसं सांगितलं, आणि निदाचं अण्णांच्या कानावर तिनेच घातलं होतं, तेही.

हाजराबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसातलं बाहेर जातं, हे मला ठाऊक होतं."

"म्हणजे?"

"सगळ्या बंदराला ठाऊक आहे. माझे सासरे म्हणायचे, समोरच्याला निरोप द्यायचाय पण आपण तोंड उघडायचं नाही, तर आगाश्यांकडे जाऊन बसा. मी लायसनचं बोलले, कोल्हापूरचं बोलले, ते अकबरपर्यंत जावं म्हणूनच. जे जायला नको होतं, ते मी बोललेच नाही. बर्फाच्या कारखान्याचंही तुम्हाला हट्टाने सांगितलं होतं, आठवतंय? तो घट्ट धरलाय असं त्याला वाटलं, की तो किंमत देणार. दोन बोटी म्हणाला ना काल?"

एवढ्या वर्षांत त्या ऑफिसात कोणी काही पोटात ठेवलं असेल तर ते नम्रतानेच, आणि तिथे ते तसं ठेवायचं नसतं हे ठाऊक नसलेलीही तीच एकटी.

"निदाचं तेवढं वेगळं होतं," हाजराबाई म्हणाल्या. "ते मी वकिलाला सांगितलं नव्हतं. चहा पिता पिता एका बाईला सांगितलं होतं."

"तुम्ही तक्रार करू शकता. अण्णांची, माझीही. मी कागद करून देईन."

"आणि निदाचं नाव सगळ्या बंदरावर होऊ देऊ? नको." त्या उठल्या. "मला आता खरं बोलायला वकील पाहिजे. तुम्ही त्या ऑफिसात असाल तर तो मी दुसरीकडे बघते. बाहेर पडणार असाल तर बघू."

"लगेच विश्वास ठेवाल?"

"लगेच नाही," हाजराबाई म्हणाल्या आणि कोळंबीच्या टेबलाकडे परत गेल्या.

नम्रता फर्ममधून बाहेर पडली. अण्णांनी तिला अडवलं नाही. "मुलगी समजत होतो तुला," एवढंच म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं याबद्दल तिला शंका नव्हती. त्यामुळेच ते जास्त लागलं. अरशद मात्र राहिला. पाटीवर माझ्याही पणजोबांचं नाव आहे, मी का जाऊ, असं तो कुणापाशी तरी म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं. अण्णांनी हळूहळू काम कमी केलं म्हणतात. अरशदने कमी करायला लावलं, असंही म्हणतात.

हाजराबाई महिन्याभराने तिच्याकडे काम घेऊन आल्या. वाटणी व्हायला पुढचा पावसाळा उजाडला. मिरजोळ्याचा कारखाना आणि लायसन त्यांना मिळालं, बोटी आणि बर्फ अकबरला. पण निदाचं कळल्यापासून अकबर एका कलमावर अडून बसला होता आणि ते सोडायला तो काही केल्या तयार होईना: कारखाना कधी विकायचा झाला, तर आधी त्याला विचारायचं. हाजराबाईंनी सही करताना ते कलम दोनदा वाचलं आणि मग नम्रताकडे पेन परत दिलं. ते कलम कोणामुळे आलं, हे दोघींनाही माहीत होतं.

जयस्तंभाजवळ एका औषधाच्या दुकानावर नम्रताने भाड्याने खोली घेतली. हळूहळू कामं येऊ लागली. एका सकाळी देवरूखचे आत्माराम शिंदे म्हणून एक काजूवाले आले. साठीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. भागीदाराशी वाद होता. सगळं सांगून झाल्यावर ते जरा पुढे झुकले.

"बाई, एक विचारू? माझं म्हणणं त्याच्या कानावर जरा असंच... परस्पर गेलं तर? मी सांगितलं असं नको. तुम्ही जुन्या ऑफिसातल्या ना, तुम्हाला जमत असेल."

"नाही," नम्रता म्हणाली. "इथे बोललेलं इथेच राहतं. त्यांना काही सांगायचं असेल, तर तुमच्या नावाने, तुमच्या सहीने कळवू."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मग उपयोग काय?" असं पुटपुटत त्यांनी छत्री उचलली आणि जिना उतरून गेले.

ती खिडकीशी आली. आत्माराम खाली रस्त्याच्या कडेला उभे राहून फोनवर कुणाशी तरी बोलत होते, बोलता बोलता मान हलवत होते. हा माणूस खरोखरच काजूवाला होता, की ती अजून काय काय पोटात ठेवते हे बघायला कुणी पाठवलेला होता? गाडीतळाच्या जुन्या ऑफिसातून कुणी, की मिरजोळ्याहून हाजराबाईंनी? तिने बराच वेळ पाहिलं. मग ते रिक्षात बसले आणि रिक्षा गर्दीत दिसेनाशी झाली. कुठल्या बाजूला वळली, ते तिला वरून दिसलं नाही.